ब्रिजिताची नऊ कॉलेजं

प्रसीदाच्या हातून चूक होत नाही, अशी केरळातल्या कळक्कूट्टमच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत तिची ख्याती होती. खरं सांगायचं तर ही ख्यातीच तिला नडली.

आट्टिंगलच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईची ही मुलगी. बाप लवकर गेला. सरकारी शाळा, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, आणि मग आयटी पार्कातली नोकरी. रोज सकाळी सातची बस, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा. डब्यात जाडा भात, ताकाची कढी आणि तळलेल्या दोन मत्ती, म्हणजे तारल्या. त्या मत्तीचा वास चौथ्या मजल्यावर पसरला की लोक म्हणत, साडेबारा वाजले. आईने पोरीला एकच शिकवलं होतं: टाका उसवावा लागला तर सगळा उसव, वरून दुसरा मारू नकोस. प्रसीदा जावाचा कोड तसाच लिहायची. तिने लिहिलेलं परत उघडायची वेळ कुणावर क्वचितच येई.

दोन हजार दहा साली कंपनीला एका सरकारी खात्याचं काम मिळालं. नर्सिंग कॉलेजांच्या प्रवेशाचे अर्ज त्या वर्षी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर भरले जाणार होते. केरळात नर्सिंग म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ज्या घरातली एक मुलगी नर्स झाली त्या घराच्या पुढच्या दोन पिढ्या तरल्या. अर्ज पाच पानांचा होता. पहिल्या पानावर नाव-गाव, दुसऱ्यावर गुण, तिसऱ्यावर कोणती कॉलेजं कोणत्या क्रमाने हवीत ती यादी, चौथ्यावर फोटो आणि पाचव्यावर सगळं एकदा वाचून शेवटचं बटण.

ही पाच पानं प्रसीदाच्या वाट्याला आली. अशा कामात मुख्य काळजी असते ती बीनची. बीन म्हणजे सर्व्हरवरचा एक डबा. माणूस पानावर जे भरतो ते या डब्यात राहतं. डबा किती काळ टिकवायचा हे कोड लिहिणाऱ्याने ठरवायचं. प्रसीदाने आधी तो एका पानापुरता ठेवला होता. मग चाचणीच्या वेळी खात्याचे दोन अधिकारी येऊन बसले, त्यांनी चौथ्या पानावरून मागे तिसऱ्या पानावर उडी मारली आणि कॉलेजांची यादी गायब. पुन्हा भरली, पुढे गेले, मागे आले, पुन्हा गायब.

"हे काय, बाई?" त्यातले वयस्कर अधिकारी म्हणाले. "पोरीने बापाला विचारायला मान वळवली तरी पुसलं जाईल की."

शुक्रवारची दुपार होती ती. सोमवारी सकाळी दहाला अर्ज खुले व्हायचे होते, तशी जाहिरात पेपरात आली होती. अधिकारी गेल्यावर इट्टी सरांनी प्रसीदाला आत बोलावलं. जेकब इट्टी हे तिचे साहेब. माणूस वाईट नव्हता. आदल्याच महिन्यात त्यांनी तिला टीमची प्रमुख केलं होतं, आणि तीन पुरुष सहकाऱ्यांना डावलून केलं होतं.

"सर, नीट करायचं तर प्रत्येक अर्जाला आपला वेगळा डबा हवा," ती म्हणाली. "अर्ज सुरू झाला की डबा तयार, अर्ज संपला की डबा मोडला. मग पुढे जा, मागे या, काही हरवणार नाही आणि एकाचं दुसऱ्यात मिसळणारही नाही."

"किती दिवस?"

"चार. पाच धरा."

"प्रसीदा, तू मला जावा शिकवू नकोस, सोमवार शिकव. सोमवारी काय होणार?"

सोमवारी काय होणार ते तिला ठाऊक होतं. एक जवळचा रस्ताही तिला ठाऊक होता. डबा एका पानापुरता न ठेवता त्या माणसाच्या सबंध सेशनपुरता ठेवायचा, म्हणजे ब्राउझर उघडा आहे तोवर सगळं जपून राहतं. त्यासाठी कोडमधला एकच शब्द बदलायचा होता. 'व्ह्यू'च्या जागी 'सेशन'. तिने जागेवर येऊन तो बदलला. मागे-पुढे करून पाहिलं. यादी जागच्या जागी. अधिकाऱ्यांना फोन गेला, ते खूश झाले.

शनिवारी रम्लत आली. रम्लतचं काम चुका शोधण्याचं, आणि जीभ अशी की इट्टी सरही तिच्याशी जपून बोलत. दुपारी तिने प्रसीदाच्या टेबलाशी खुर्ची ओढली. ती प्रसीदाला चेची, म्हणजे ताई, म्हणायची.

"चेची, हा तुझा अर्ज आहे की माझ्या आत्याचं घर? एका खोलीत ठेवलेलं दुसऱ्या खोलीत सापडतंय."

"काय झालं?"

"एकाच ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडले. एकात माझा अर्ज, दुसऱ्यात माझ्या बहिणीचा. तिची कॉलेजं माझ्या नावावर गेली."

प्रसीदाला क्षणात उमगलं. दोन टॅब असले तरी सेशन एकच, म्हणून डबाही एकच. नाव-गाव पहिल्या पानावरच नोंदलं जाई आणि अर्जाचा क्रमांक पानासोबत पुढे जाई, त्यामुळे नावं चुकत नव्हती. कॉलेजांची यादी मात्र शेवटचं बटण दाबेपर्यंत त्या डब्यातच पडून असे. जो शेवटी भरेल त्याची यादी डब्यात.

"एका वेळी दोन अर्ज कोण भरतं गं?" ती म्हणाली. "एकाच मुहूर्ताला दोन मांडवांत बसल्यासारखं."

"आमच्या नाक्यावरच्या दुकानात रोज भरतात. मुलींच्या घरी कॉम्प्युटर असतात असं वाटतं का तुला? येऊन बघ एकदा."

"पाचव्या पानावर सगळं वाचायला मिळतं. छापील प्रतीवर सही करायची असते. चुकलं तर दिसेल की."

रम्लतने खांदे उडवले आणि चुकांच्या यादीत दोनशे चौदा नंबरला ती चूक लिहून ठेवली. पुढे एक रकाना असे: कधी दुरुस्त करणार. प्रसीदाने त्यात 'नंतर' असं लिहिलं. रविवारी इट्टी सरांनी फोनवर विचारलं, "काही राहिलंय का?" ती म्हणाली, "मोठं काही नाही, सर."

सोमवारी अर्ज खुले झाले आणि तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मिठाई वाटली गेली. जुलैत पहिली यादी लागली आणि त्यानंतर चौथ्या दिवशी खात्याकडून एक पत्र आलं, सोबत हाताने लिहिलेला एक अर्ज. अक्षर गोल, नीटस. पुत्तनकडवु नावाच्या किनाऱ्यावरच्या गावची ब्रिजिता नावाची मुलगी लिहीत होती: मी नऊ कॉलेजं भरली होती, माझ्या अर्जावर दोनच दिसतात आणि ती मी भरलेली नाहीत, माझ्यापेक्षा कमी गुणांच्या मुलींना जागा मिळाली आणि माझं नाव कुठेच नाही, कृपा करून पाहावं. खात्याने विचारलं होतं: यात प्रणालीचा दोष आहे काय?

प्रसीदाने सर्व्हरच्या नोंदी काढल्या. शोधायला अर्धा तासही लागला नाही. अकरा बेचाळीसला ब्रिजिताची नऊ कॉलेजं आली होती. अकरा एक्कावन्नला त्याच सेशनमधून दुसऱ्या मुलीची दोन. ही दुसरी हुशार होती, तिने सगळ्यात वरची दोनच लिहिली होती. अकरा अठ्ठावन्नला ब्रिजिताच्या अर्जाचं शेवटचं बटण दाबलं गेलं आणि तिच्या नावावर ती दोन कॉलेजं चिकटली. प्रसीदाने मग आणखी एक गोष्ट केली, जी तिला कुणी सांगितली नव्हती. ब्रिजिताची नऊ कॉलेजं घेऊन लागलेली यादी तपासली. सातव्या कॉलेजात तिला जागा मिळाली असती.

ती नोंदींचा कागद घेऊन इट्टी सरांकडे गेली. कागद घडी घालून हातातच होता.

"छापील प्रतीवर मुलीची सही आहे ना?" सरांनी विचारलं.

"आहे."

"मग प्रश्न संपला. लिही तसं."

"सर, पण..."

"पण काय? सिस्टीमची चूक आहे का?"

हो, एवढंच म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. पण सर चष्म्यावरून तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात शंका अशी नव्हतीच. "तूच लिहिलंयस ना ते?" ते म्हणाले. "मग बघायचं काय त्यात?"

प्रसीदाने ती घडी उघडली नाही. जागेवर येऊन तिने उत्तर लिहिलं: तपासणीत प्रणालीत कोणताही दोष आढळला नाही. अर्जदाराने छापील प्रत वाचून सही केलेली आहे. ओळी दोनच. नोंदींचा तो कागद तिने तुकडे करायच्या मशिनीत घालून बारीक केला.

पुढच्या आठवड्यात तिने प्रत्येक अर्जाला वेगळा डबा करून दिला. बरोबर चार दिवस लागले. सुधारणांच्या यादीत 'किरकोळ' म्हणून त्याची नोंद झाली. रम्लतने दोनशे चौदा नंबर खोडला आणि म्हणाली, "उशिरा का होईना, चेची." त्या पत्राबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं.

प्रसीदाच्या पुढच्या दिवसांत वरून बघणाऱ्याला काही खुपलं नसतं. वीज मंडळातला नवरा, अजयघोष, स्वभावाने शांत. एक मुलगी झाली. पगार वाढला. एकदा तिने नवऱ्याला सगळं सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तू मुद्दाम केलंस का? नाही ना? मग सोडून दे." मुद्दाम शब्द बदलला नव्हता हे खरं. उत्तर मात्र मुद्दाम लिहिलं होतं, ते तिने त्याला सांगितलं नव्हतं. मनातलं ते कुसळ जाईना. हॉस्पिटलात कुठल्याही नर्सने नाडी बघायला हात धरला की ती नर्सच्या छातीवरचं नाव वाचायची. पाच वर्षांनी तिने कंपनी सोडली आणि आट्टिंगलमध्येच एका क्लासात जावा शिकवू लागली. लोक म्हणाले, मुलीसाठी सोडलं. तिने तेच चालू दिलं.

दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी ती वर्गात हाच धडा शिकवत होती: पानं बदलताना बीन कसा जपायचा. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, एवढा खटाटोप कशाला? सरळ सेशनमध्ये टाकलं तर काय बिघडतं?"

प्रसीदा फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. पुस्तकातलं उत्तर तिला पाठ होतं. तरी "उद्या सांगते," म्हणून तिने वर्ग सोडला, आणि येणाऱ्या शनिवारी पुत्तनकडवुची बस धरली.

चर्चला लागून सुगुणनचं दुकान होतं. झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज, वह्या-पेनं आणि कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर. सुगुणन पंचावन्नचा असेल, लुंगी दुमडून गुडघ्यावर घेतलेली. तो एका बाईला तिच्याच अर्जाची छापील प्रत मोठ्याने वाचून दाखवत होता, अगदी घर नंबरपासून. बाई कंटाळली होती. गावात सगळे त्याला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणत. "कळलं रे चेट्टा, माझंच नाव आहे ते, दे सही करते."

"पूर्ण ऐकल्याशिवाय सही नाही," तो म्हणाला. "दुकानाचा नियम आहे."

बाई गेल्यावर प्रसीदाने ब्रिजिताचं घर विचारलं. त्याने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्ही कोण? बँकेच्या?"

"नाही. तिच्या नर्सिंगच्या अर्जाबद्दल बोलायचं होतं. जुन्या."

सुगुणनचा चेहरा पडला. त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि आपण होऊनच सुरुवात केली, जणू पोलीस चौकशीला आले आहेत आणि तो केव्हापासून वाटच बघत होता. "तो माझ्याच हातून गेला. तिचा फोटो मोठा होत होता, लहान करायला वेळ लागत होता. तेवढ्यात डॉक्टरांची मुलगी आली, ती घाईत. मी तिचाही भरायला घेतला. कुठे तरी चुकीचं बटण दाबलं असणार. त्या दिवसापासून एका वेळी एकच अर्ज. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. पण तिचं गेलं ते गेलंच. तिची आई, रोसम्मा, इथून रोज मासळीची पाटी घेऊन जायची. माझ्या दारावरून जाताना मान फिरवायची. सात वर्षं. सात वर्षांत एक शब्द बोलली नाही."

"आता?"

"आता कुठली? दोन वर्षांपूर्वी गेली."

प्रसीदाने घरून काय काय ठरवून आणलं होतं, ते सगळं विस्कटलं. ती सरळ म्हणाली, "सुगुणन चेट्टा, तुम्ही चुकला नव्हता. तो अर्ज मी तयार केला होता. दोष माझ्या कोडमध्ये होता. तुम्ही बरोबर भरलं होतं."

त्याला कळायला वेळ लागला. "बरोबर भरलं होतं?"

"हो."

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ. माझ्याकडे वेळेसकट नोंद होती."

इतक्यात एक म्हातारा रेशनकार्डाची झेरॉक्स मागायला आला. सुगुणनने ती काढली, कडा जुळवून दिली, म्हाताऱ्याला पायरी उतरायला हात दिला आणि परत येऊन बसला.

"नोंद होती, म्हणजे तेव्हाच कळलं होतं तुम्हाला."

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"घाबरले."

"कोणाला?"

इट्टी सर काही तिला खाणार नव्हते.

"तेव्हा बोलला असता तर काही करता आलं असतं?"

"दुसरी यादी लागायची होती," ती म्हणाली. "आलं असतं."

सुगुणनने टेबलावरची स्टेपलरच्या पिनांची पेटी उघडली, मिटली. मग फोन उचलला. "ब्रिजिता, ड्यूटीला जाताना दुकानात ये. हो, काम आहे. ये तू."

ब्रिजिता दीडच्या सुमारास आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, बारीक, केस घट्ट बांधलेले. अंगात फिक्या तपकिरी रंगाचा झगा. हॉस्पिटलात तो रंग नर्सचा नव्हे, तिच्या हाताखालच्या मदतनीस बाईचा. पेशंटला पुसणारी, भांडं देणारी, कूस बदलणारी. ती खाली बसली नाही. प्रसीदाने उभ्यानेच सगळं सांगितलं, तो बदललेला शब्द, दोनशे चौदा नंबर, ते दोन ओळींचं उत्तर. काही झाकलं नाही.

"ते उत्तर तुम्ही लिहिलं होतं?" शेवटी ब्रिजिताने विचारलं. "मी ते किती तरी दिवस पर्समध्ये ठेवलं होतं. 'वाचून सही केलेली आहे.' मी खरंच वाचलं नव्हतं. पाचव्या पानावर आले तेव्हा मागे रांग होती. आई मला म्हणायची, तू वाचलं का नाहीस, शाळा कशाला शिकलीस. मी म्हणायचे, चेट्टाने चुकवलं. असं करत आम्ही एकमेकांवर ढकलत बसलो."

"माझं चुकलं," प्रसीदा म्हणाली.

"एक विचारू? बरोबर गेला असता तर मिळालं असतं?"

प्रसीदाला वाटलं, इथे खोटं बोलावं. मग वाटलं, आता नको. "सातव्या कॉलेजात."

ब्रिजिताने भिंतीकडे बघितलं. तिथे पासपोर्ट फोटोंचे दर लिहिलेला कागद होता. "मला वाटायचं, तसंही मिळालं नसतंच," ती म्हणाली. "ते बरं होतं."

बाहेर रिक्षावाला कुणाला तरी हाका मारत होता.

"हे सांगून तुमचं हलकं होईल," ब्रिजिता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही बसमध्ये बसून घरी जाल. माझं काय करू मी याचं?"

"तू सांगशील ते करते. खात्याला लिहिते, पेपरात..."

"नको. लिहून द्या. इथेच. चेट्टासाठी."

सुगुणनने कोरा कागद आणि पेन पुढे केलं. प्रसीदाने लिहिलं: दोन हजार दहा सालच्या अर्जाच्या प्रणालीत दोष होता, त्यामुळे ब्रिजिताची यादी बदलली, दुकानदाराची काही चूक नव्हती. ब्रिजिताने तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"दोष होता असं नको. कोणाचा ते लिहा."

प्रसीदाने 'माझा' हा शब्द घातला, तो दोष आपण लपवला हेही लिहिलं आणि पूर्ण नावाने सही केली. सुगुणनने सवयीने तो कागद पहिल्यापासून मोठ्याने वाचला. ब्रिजिताने घड्याळ बघितलं, म्हणाली, "दोनला ड्यूटी आहे," आणि गेली. प्रसीदाकडे तिने वळून बघितलं नाही.

प्रसीदाने तरीही खात्याला पत्र पाठवलं. दीड महिन्याने उत्तर आलं की, त्या वर्षाची कागदपत्रं नियमाप्रमाणे नष्ट करण्यात आली असून या विषयावर आता काही कार्यवाही संभवत नाही. इट्टी सर निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते. त्यांना फोन केला तर म्हणाले, "तू तेव्हाच सांगायचंस. मी काय तुला काढून टाकणार होतो?" ते तिला फार लागलं, कारण ते बहुधा खरं होतं.

नाताळच्या आधी सुगुणनचा फोन आला. "रोसम्माचा मुलगा काल दुकानात आला होता. बोटीच्या कागदाची प्रिंट काढून गेला. इतकी वर्षं तो पार बाजारापर्यंत जायचा त्यासाठी. बोलला काही नाही. पण आला."

"बरं झालं," प्रसीदा म्हणाली. "मी एकदा येऊन जाऊ? ब्रिजिताला पुढच्या कोर्ससाठी काही..."

"नका येऊ," तो घाईने म्हणाला, मग जरा थांबून, "तिने सांगितलंय तसं. राग नाही म्हणाली. पण तुम्हाला बघितलं की ते सातवं कॉलेज आठवतं."

प्रसीदा "बरं" म्हणाली. त्यानंतर ती पुत्तनकडवुला कधी गेली नाही.